मायक्रोस्ट्रिपचं वळण: कोपरा आधी कागदावर सोडवा, मग सॉफ्टवेअरवर

चार पॅचच्या (तांब्याच्या सपाट तुकड्यांच्या) एका १० गिगाहर्ट्झ अँटेनाची फीड, म्हणजे पॅचपर्यंत सिग्नल नेणाऱ्या पट्ट्या, मी आखली होती. पट्ट्या मायक्रोस्ट्रिपच्या: बोर्डावर वर तांब्याची पट्टी, खाली ग्राउंडचा सलग थर. डावी आणि उजवी, दोन्ही फांद्यांची लांबी मध्यरेषेवरून मोजून मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत जुळवलेली. फक्त उजवीकडे कनेक्टरच्या नटाला जागा हवी म्हणून पट्टीला एक पायरी दिली होती, म्हणजे दोन वळणं जास्त. बोर्ड बनून आला, चेंबरमध्ये (अँटेना मोजण्याच्या खोलीत) मोजला, तर बीम, म्हणजे अँटेनाचा मुख्य झोत, समोर न बघता तीन-साडेतीन अंश डावीकडे कललेला. रिटर्न लॉस (सिग्नल किती कमी परत फिरतो त्याचं माप) झकास, कोपरे नियमाप्रमाणे कापलेले. दोन दिवस मी पॅचमध्ये खोट शोधत बसलो. खोट त्या दोन वळणांत होती, आणि परावर्तनाशी तिचा काही संबंध नव्हता. कागदावर सारख्या दिसणाऱ्या दोन फांद्या सिग्नलच्या दृष्टीने सारख्या नव्हत्या.

वळणाबद्दल आपल्याला शिकवतात ते बहुतेक परावर्तनाबद्दल. कोपरा काप, रिटर्न लॉस सुधारतो, संपला विषय. परावर्तन खरोखरच पटकन सुटतं. उरते ती लांबी, आणि तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. म्हणून हा लेख दोन्ही बाजूंनी लिहिला आहे: वळणाचं मॉडेल हाताने कसं करायचं, सॉफ्टवेअरमध्ये कसं पडताळायचं आणि बोर्डावर कसं मोजायचं.

सगळीकडे एकच उदाहरण वापरतो. बोर्ड रॉजर्स ४३५० बी, जाडी ०.५०८ मिलिमीटर, पट्टीची रुंदी १.१ मिलिमीटर, वळण ९० अंशांचं. डायइलेक्ट्रिक स्थिरांक (बोर्डाच्या मटेरियलमुळे कपॅसिटन्स हवेच्या किती पट होतो तो आकडा) ३.६६ धरला आहे. याच मटेरियलच्या डेटाशीटवर ३.४८ हा आकडाही असतो आणि नवखा माणूस तोच उचलतो. ३.४८ हा कारखान्यातल्या प्रमाणित चाचणीचा आकडा आहे, ३.६६ हा डिझाइनसाठी दिलेला. सर्किट आखताना दुसरा घ्यायचा.

पायरी १: मॉडेल करायची गरज आहे का?

वळण त्रास देणार की नाही हे नुसत्या फ्रिक्वेन्सीवर ठरत नाही. फ्रिक्वेन्सी गुणिले सब्स्ट्रेटची (पट्टी आणि ग्राउंड यांच्यामधल्या थराची) जाडी, म्हणजे गिगाहर्ट्झ गुणिले मिलिमीटर, हा आकडा बघायचा. ५० ओहमच्या पट्टीची रुंदी जाडीच्या पटीत वाढते, आणि रुंदी वाढली की कोपऱ्यातलं तांबं वर्गाने वाढतं.

वरच्या बोर्डावर २.४ गिगाहर्ट्झला हा गुणाकार १.२ येतो आणि न कापलेल्या कोपऱ्याचं परावर्तन सुमारे उणे २९ डीबी. सोडून द्या. त्याच बोर्डावर १० गिगाहर्ट्झला गुणाकार ५.१ आणि परावर्तन उणे १६.६ डीबी. आता गंमत बघा: १.६ मिलिमीटर जाडीचा साधा एफआर-४ (नेहमीच्या सर्किट बोर्डांचं काच-इपॉक्सी मटेरियल), ३ मिलिमीटरच्या आसपास रुंद पट्टी, फ्रिक्वेन्सी फक्त २.४५ गिगाहर्ट्झ. गुणाकार ३.९, परावर्तन जवळजवळ उणे १९ डीबी. ‘वायफायची फ्रिक्वेन्सी आहे, कोपऱ्याचं काय एवढं’ असं म्हणणाऱ्याने जाडीकडे पाहिलेलं नसतं.

माझा घरगुती नियम असा: गुणाकार १.५ च्या खाली असेल आणि फेज जुळवायची नसेल, तर कोपरा कापा आणि पुढे चला. त्याच्या वर असेल किंवा फेज जुळवायची असेल, तर पुढचं सगळं करा.

पायरी २: सरळ पट्टीचे आकडे पक्के करा

वळणाआधी पट्टी. रुंदी भागिले जाडी म्हणजे १.१ ÷ ०.५०८ = २.१६५. नेहमीच्या सूत्रांनी इफेक्टिव्ह डायइलेक्ट्रिक स्थिरांक (वरची हवा आणि खालचा बोर्ड मिळून) २.८५ आणि इम्पिडन्स ५०.६ ओहम येतो. १० गिगाहर्ट्झला पट्टीतली तरंगलांबी १७.८ मिलिमीटर; एक तरंगलांबी म्हणजे ३६० अंश फेज, म्हणजे एका मिलिमीटरला सव्वावीस अंश. हा सव्वावीसचा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, शेवटपर्यंत लागेल. फ्रिक्वेन्सीबरोबर स्थिरांक थोडा वाढतो, पण हाताच्या हिशेबाला इतकं पुरे.

पायरी ३: वळण कुठून सुरू होतं ते ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. दोन पट्ट्या काटकोनात भेटतात तिथे रुंदी गुणिले रुंदी असा एक चौरस तयार होतो. आपल्या मॉडेलमध्ये वळण म्हणजे एवढा चौरसच. त्याच्या ज्या दोन कडांना पट्ट्या येऊन मिळतात त्या संदर्भरेषा. पट्टीची लांबी तिथे संपते आणि वळणाचं मॉडेल तिथे सुरू होतं.

ले-आउटवर मात्र आपण मध्यरेषा मोजतो. ती चौरसाच्या मध्यापर्यंत जाते, वळते आणि बाहेर येते. चौरसातला तिचा वाटा अर्धी रुंदी अधिक अर्धी रुंदी, म्हणजे एक पूर्ण रुंदी, १.१ मिलिमीटर. सर्किट सिम्युलेटरमध्ये मध्यरेषेची पूर्ण लांबी टाकून वर वळणाचा घटकही जोडला, तर चौरस दोनदा मोजला गेला. घटक जोडायचा असेल तर दोन्ही बाजूंच्या पट्टीतून अर्धी-अर्धी रुंदी कमी करा.

पायरी ४: कोपऱ्याचा टी बांधा

कोपऱ्यात नेमकं काय होतं? घाटात समोरून कुणी येत नसलं की ड्रायव्हर आतल्या कडेने वळण मारतो. विद्युतप्रवाहही तसाच आतल्या कोपऱ्याला चिकटून वळतो. बाहेरच्या कोपऱ्यातलं तांबं त्याच्या वाटेवर नसतं, पण ते ग्राउंडच्या समोर पसरलेलं असतं, त्यामुळे चार्ज मात्र साठवतं. म्हणून वळण म्हणजे गरजेपेक्षा जास्त कपॅसिटन्स. मॉडेल अगदी साधं: मध्ये ग्राउंडला जाणारा एक कपॅसिटर, दोन्ही हातांत एकेक छोटा इंडक्टर. आकार टीसारखा.

आकडे काढायला किर्शनिंग, यान्सेन आणि कोस्टर यांनी १९८३ मध्ये दिलेली सूत्रं वापरतो. रेझोनेटरवर मोजमापं घेऊन बसवलेली ही सूत्रं आहेत. ‘ज’ म्हणजे जाडी मिलिमीटरमध्ये, ‘ड’ म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक, ‘ग’ म्हणजे रुंदी भागिले जाडी. ‘घात’ म्हणजे ई या पायाचा घात.

न कापलेला कोपरा:

कपॅसिटन्स (पिकोफॅरड) = ०.००१ × ज × [ (१०.३५ × ड + २.५) × ग चा वर्ग + (२.६ × ड + ५.६४) × ग ]

प्रत्येक हातातला इंडक्टन्स (नॅनोहेन्री) = ०.२२ × ज × [ १ − १.३५ × घात(−०.१८ × ग चा १.३९ वा घात) ]

अर्धा कापलेला कोपरा (चौरसाचा बाहेरचा अर्धा भाग तिरका काढून टाकलेला):

कपॅसिटन्स (पिकोफॅरड) = ०.००१ × ज × [ (३.९३ × ड + ०.६२) × ग चा वर्ग + (७.६ × ड + ३.८) × ग ]

प्रत्येक हातातला इंडक्टन्स (नॅनोहेन्री) = ०.४४ × ज × [ १ − १.०६२ × घात(−०.१७७ × ग चा ०.९४७ वा घात) ]

ही सूत्रं ‘ग’ ०.२ ते ६, ‘ड’ २.३६ ते १०.४ आणि गिगाहर्ट्झ-मिलिमीटर गुणाकार १२ पर्यंत चालतात. त्याच्या बाहेर वापरली तरी उत्तर येतंच, फक्त ते उत्तर कशाचं आहे ते विचारू नका.

आपल्या बोर्डाचे आकडे: न कापलेल्या कोपऱ्याला ०.११३ पिकोफॅरड आणि ०.०२२७ नॅनोहेन्री. अर्धा कापल्यावर ०.०७०५ पिकोफॅरड आणि ०.०५९२ नॅनोहेन्री.

अशा सूत्रांवर आंधळा विश्वास ठेवू नये, एकदा हाताने चाचपून बघावं. १.१ × १.१ मिलिमीटरच्या चौरसाचा साध्या पॅरलल प्लेटच्या सूत्राने कपॅसिटन्स काढला तर ०.०७७ पिकोफॅरड येतो. उरलेलं बाहेरच्या दोन उघड्या कडांवरचं फ्रिंजिंग (कडेबाहेर पसरणारं फील्ड), म्हणजे ०.११३ पटण्यासारखं आहे. सूत्रातला १०.३५ हा गुणक ८.८५४ च्या आसपास का घुटमळतो आणि कापलेल्या कोपऱ्यात तो ३.९३, म्हणजे निम्म्याच्या जवळ, का येतो, तेही यातून कळतं: अर्धा चौरस गेला. संदर्भरेषा चौरसाच्या कडांवरच आहेत याचाही हा पुरावा. कुठल्या पुस्तकात रेषा वेगळ्या काढलेल्या दिसल्या तर हाच हिशेब करून भांडण मिटवता येतं.

पायरी ५: परावर्तन आणि फेज

टीचे दोनच आकडे लागतात. ‘क्ष’ म्हणजे एका इंडक्टरचा रिॲक्टन्स (२π × फ्रिक्वेन्सी × इंडक्टन्स) भागिले ५०, ‘य’ म्हणजे कपॅसिटरचा ससेप्टन्स (२π × फ्रिक्वेन्सी × कपॅसिटन्स) गुणिले ५०. मग:

अ = १ − क्ष × य

आ = २ × क्ष − क्ष × क्ष × य

परावर्तनाचं मान = (य − आ) ÷ वर्गमूळ[ (२ × अ) चा वर्ग + (आ + य) चा वर्ग ]

आरपार जाणाऱ्या सिग्नलची फेज मागे पडते ती (आ + य) ÷ (२ × अ) या आकड्याच्या व्यस्त टॅन्जंटइतकी.

यामागे एबीसीडी मॅट्रिक्सच आहे, म्हणजे दोन टोकांच्या सर्किटचे तुकडे एकामागे एक जोडण्याचं नेहमीचं गणित. लॉस धरलेला नाही म्हणून सगळं इतकं सुटसुटीत झालं. स्प्रेडशीटच्या चार खणांत बसतं.

१० गिगाहर्ट्झला न कापलेल्या कोपऱ्यासाठी क्ष = ०.०२८५, य = ०.३५४. परावर्तन ०.१४७, म्हणजे उणे १६.६ डीबी. कापलेल्यासाठी क्ष = ०.०७४४, य = ०.२२२. परावर्तन ०.०३७, म्हणजे उणे २८.६ डीबी. एका कापात बारा डीबी!

तरी घाबरवणारा आकडा जरा तपासून पाहा. उणे १६.६ डीबी म्हणजे दोन टक्क्यांच्या किंचित वर पॉवर परत फिरली. आरपार जाणाऱ्या सिग्नलचं नुकसान जेमतेम ०.१ डीबी. एकटं वळण कुणाचं घर बुडवत नाही. बुडवतात ती दोन-तीन वळणं मिळून. न कापलेल्या दोन कोपऱ्यांची परावर्तनं एकाच फेजमध्ये आली तर एकूण उणे १०.८ डीबीपर्यंत जातं. उलट फेजमध्ये आली तर एकमेकांना खातात. अंतर पाव तरंगलांबीच्या आसपास असलं, आपल्या बोर्डावर साडेचार मिलिमीटरच्या जवळपास, तर बहुतेक सुटका होते. अर्ध्या तरंगलांबीला बेरीज होते. एकाच आराखड्याचा बोर्ड एका बँडमध्ये उत्तम आणि शेजारच्या बँडमध्ये रडका निघतो, त्यात नशिबाचा भाग नसतो.

पायरी ६: कोपरा किती कापायचा

डूव्हिल आणि जेम्स यांनी १९७८ मध्ये मोजमापांवरून दिलेला नियम आजही सगळीकडे चालतो:

कापायचे टक्के = ५२ + ६५ × घात(−१.३५ × ग)

‘ग’ ०.२५ च्या वर असेल तेव्हा. आपल्या पट्टीला ५५.५ टक्के येतात.

पण टक्के कशाचे? कर्णाचे. आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत चौरसाचा कर्ण १.५५६ मिलिमीटर. बाहेरच्या टोकाकडून त्यातला ०.८६ मिलिमीटर गेला पाहिजे आणि ०.६९ उरला पाहिजे. पुष्कळ जण हे टक्के बाहेरच्या कडेवर मोजतात, म्हणजे १.१ चे ५५ टक्के, ०.६१ मिलिमीटरचा त्रिकोण. तो फारच कमी पडतो. कडेवर मोजायचं असेल तर प्रत्येक कडेवर रुंदीच्या दुपटीचे टक्के घ्या: २ × १.१ × ०.५५५ = १.२२ मिलिमीटर. हा आकडा रुंदीपेक्षा जास्त आहे, म्हणजे काप चौरसाच्या थोडा बाहेर, पट्टीत ०.१२ मिलिमीटर शिरतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलं. चुकलेलं नाही.

अर्धा कापलेला कोपरा म्हणजे काप चौरसाच्या टोकापासून टोकापर्यंत. वरची सूत्रं त्याचीच आहेत. ५५ टक्क्यांसाठी थोडं आणखी बरं उत्तर मिळतं, पण त्याचं टी मॉडेल हाताने काढत बसण्यात अर्थ नाही. तो भाग सिम्युलेटरवर सोडा.

गोल वळणाचा पर्याय आहेच. त्रिज्या रुंदीच्या तिप्पट किंवा जास्त ठेवली तर परावर्तन नगण्य होतं आणि मध्यरेषेची लांबी जवळजवळ खरी ठरते. जागा असेल तर मी गोलच वापरतो. जागा नसते, म्हणून बाकी लेख.

पायरी ७: लांबीची वही

आता त्या कललेल्या बीमकडे परत येऊ. कापलेल्या कोपऱ्याची फेज १०.६ अंश निघते. एका मिलिमीटरला सव्वावीस अंश या दराने ती ०.५२ मिलिमीटर सरळ पट्टीइतकी झाली. मध्यरेषेने मात्र चौरसात १.१ मिलिमीटर मोजले होते. फरक ०.५८ मिलिमीटर, म्हणजे साडेअकरा अंशांच्या वर. सिग्नलसाठी प्रत्येक वळण कागदापेक्षा इतकं आखूड आहे.

न कापलेल्या कोपऱ्यालाही हा फरक ०.५२ मिलिमीटर येतो. मला पहिल्यांदा याचंच आश्चर्य वाटलं: कापल्याने परावर्तन बारा डीबीने सुधारलं, लांबीत काडीचा फरक नाही. एफआर-४ च्या उदाहरणातही न कापलेलं वळण सुमारे दीड मिलिमीटर आखूड येतं, म्हणजे पुन्हा अर्धी रुंदी. म्हणून ५० ओहमच्या आसपासच्या पट्टीला मी कच्च्या हिशेबात दर वळणाला अर्धी रुंदी वजा करतो आणि मग सिम्युलेशनने बारीक करतो.

माझ्या उजव्या फांदीत दोन वळणं जास्त, म्हणजे जवळपास २३ अंश आघाडी. पॅच अर्ध्या तरंगलांबीवर असल्याने दोन्ही अर्ध्या भागांची केंद्रं एका तरंगलांबीवर होती. २३ भागिले ३६० म्हणजे ०.०६४, आणि तितक्या साइनचा कोन साडेतीन अंशांच्या पुढे. चेंबरमध्ये दिसला जवळपास तोच. आघाडी उजवीकडे, म्हणून बीम डावीकडे. हा हिशेब ले-आउटच्या दिवशी करायला पाच मिनिटं लागली असती.

फांद्या जुळवताना वहीत दोन रकाने ठेवा: मध्यरेषेची लांबी आणि वळणांची संख्या. जमेल तिथे दोन्ही फांद्यांत वळणांची संख्याच सारखी ठेवा, मग मॉडेल थोडं चुकलं तरी दोन्हीकडे सारखंच चुकतं. हे नेहमीच जमत नाही, पण आधी प्रयत्न तिथे करावा.

एफआर-४ वाल्यांना एक सूचना. स्थिरांक ४.४ आहे की ४.६ हे ठाऊक नसेल, तर ५० मिलिमीटरच्या पट्टीत त्यानेच मिलिमीटरच्या वर फरक पडतो. आधी स्थिरांक मोजा, मग वळणाच्या दशांशांवर वाद घाला.

पायरी ८: सर्किट सिम्युलेटरमध्ये

फुकटातलं काम क्यूक्स-एस या सर्किट सिम्युलेटरमध्ये होतं. सिम्युलेशनचं इंजिन क्यूक्सेटर-आरएफ निवडा; एनजीस्पाइसवर मायक्रोस्ट्रिपचे घटक चालत नाहीत. सब्स्ट्रेटचा घटक ठेवून त्यात स्थिरांक, जाडी, तांब्याची जाडी आणि लॉस टॅन्जंट (मटेरियल सिग्नल किती खातं त्याचा आकडा) भरा. मग मायक्रोस्ट्रिप लाइन, कॉर्नर, पुन्हा लाइन. कापलेल्यासाठी माइटर्ड बेंड हा वेगळा घटक आहे. आत वर दिलेलीच सूत्रं आहेत, त्यामुळे तुमची स्प्रेडशीट आणि क्यूक्सचं उत्तर जुळलंच पाहिजे. जुळलं नाही तर बहुतेक वेळा जाडी मिलिमीटरऐवजी दुसऱ्याच एककात गेलेली असते.

पायरी ९: पूर्ण फील्ड सिम्युलेशन

यात सॉफ्टवेअर सगळ्या जागेची जाळी करून प्रत्येक खणातलं फील्ड सोडवतं. इथे ओपन-ईएमएस या मोफत सॉफ्टवेअरचं उदाहरण घेतो. हाताशी दुसरं काही सॉफ्टवेअर असेल तरी क्रम हाच ठेवा.

पहिलं सिम्युलेशन वळणाचं करू नका. त्याच रुंदीची, त्याच लांबीची सरळ पट्टी चालवा. तिचं परावर्तन शून्य यायला हवं, येत नाही. पोर्ट (सिग्नल आत-बाहेर करण्याची जागा), बाउंड्री, जाळी, सगळ्यांची घाण त्यात दिसते. सरळ पट्टीच उणे ३२ डीबी दाखवत असेल, तर कापलेल्या कोपऱ्याचे उणे २८.६ त्यात कसे ओळखणार? आधी हा तळ उणे ४० च्या खाली न्या. त्यात एक बारीक गोष्ट विसरली जाते: आपली पट्टी ५०.६ ओहमची आहे. संदर्भ ५० ओहम धरला तर एवढ्यानेच काही फ्रिक्वेन्सींना उणे ३८ डीबीचा तळ लागतो. पोर्टला पट्टीचाच इम्पिडन्स संदर्भ म्हणून द्या.

मग जाळी. सब्स्ट्रेटच्या जाडीत निदान चार-पाच थर, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या आसपास. पट्टीच्या कडेवर जाळीची रेष टाकायची नाही. कडेच्या खणाचा एक तृतीयांश तांब्याच्या आत आणि दोन तृतीयांश बाहेर असा बसवायचा. कडेवर फील्ड टोकदार होतं, त्याची भरपाई यातून होते. तिरका काप ही खरी अडचण. काटकोनी जाळीत तिरकी रेष जिन्यासारखी होते, आणि पायऱ्या मोठ्या असतील तर तुम्ही ५५ टक्के कापलेला कोपरा नाही, भलताच कोपरा सोडवत असता. कापाभोवती जाळी ०.०५ मिलिमीटरपर्यंत बारीक करा. सर्वांत लहान खण वेळेची पायरी ठरवतो, त्यामुळे सिम्युलेशन रेंगाळेल. चहा घेऊन या.

पोर्टची मोजणीची रेष कोपऱ्यापासून निदान पाच जाड्या दूर ठेवा, आपल्या बोर्डावर अडीच मिलिमीटरच्या पुढे, कारण कोपऱ्याजवळचं फील्ड पट्टीचं नेहमीचं फील्ड नसतं. नंतर गणिताने संदर्भरेषा चौरसाच्या कडेवर आणा. हे केलं नाही तर परावर्तनाचं मान बरोबर आणि फेज निरर्थक, आणि आपल्याला तर फेजच हवी आहे.

शेवटी जाळी निम्मी करून पुन्हा चालवा. फेज अर्ध्या अंशाच्या आत टिकली तर पुरे. उत्तर टी मॉडेलशी ताडून पाहा: परावर्तनात दोन-तीन डीबी इकडे-तिकडे चालेल, फेजमध्ये पाच अंशांचा फरक आला तर आधी स्वतःच्या संदर्भरेषा तपासा, मग सूत्रांना दोष द्या.

पट्टीच्या दोन्ही बाजूंना त्याच पातळीवर ग्राउंड असलेली कोप्लेनर लाइन असेल, तर वरचं टी मॉडेल अपुरं पडतं. तिथे आतली फट आखूड आणि बाहेरची लांब असते, दोन्हींतले सिग्नल वेगवेगळ्या फेजने बाहेर पडतात आणि स्लॉटलाइनचा नको असलेला मोड, म्हणजे फटींतून वेगळाच चालणारा तरंग, जागा होतो. उपाय म्हणजे वळणाच्या आधी आणि नंतर दोन्ही ग्राउंड पट्टीवरून एअर ब्रिजने जोडणं. बोर्डावर तेच काम खालच्या ग्राउंडपर्यंत जाणाऱ्या व्हायांच्या (आतून तांबं चढवलेल्या भोकांच्या) दाट रांगा बऱ्यापैकी करतात. अशा वळणाला थेट फील्ड सिम्युलेशनच करा.

पायरी १०: बोर्डावर मोजणं

एक वळण मोजायला जाऊ नका. अर्ध्या मिलिमीटरचा फरक कनेक्टरच्या सोल्डरिंगमध्येच हरवतो. दोन पट्ट्या छापा: एक सरळ, दुसरी जिन्यासारखी, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळत जाणारी, २० वळणांची. दोन्हींची मध्यरेषा सारखीच लांब, कनेक्टर सारखे. नागमोडी आकार टाळा. त्यात समांतर पट्ट्या एकमेकींशी कपल होतात आणि तुम्ही भलतीच गोष्ट मोजता. जिन्याच्या पायऱ्याही एकसारख्या नकोत. सारख्या अंतरावर २० परावर्तनं बसली तर अर्ध्या तरंगलांबीच्या फ्रिक्वेन्सीला सगळी एकत्र येऊन भलामोठा खड्डा पाडतात. काही पायऱ्या ४ मिलिमीटर, काही ५, काही ७, अशा विस्कळीत ठेवा.

व्हीएनएवर (व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर, परावर्तन आणि फेज मोजणारं यंत्र) दोन्हींची फेज कमी फ्रिक्वेन्सीपासून न तोडता मोजा. मॉडेलप्रमाणे जिना ११.५ मिलिमीटरने आखूड दिसायला हवा, वेळेत ६५ पिकोसेकंद, १० गिगाहर्ट्झला २३० अंशांच्या वर. थेट १० गिगाहर्ट्झलाच पाहिलं तर १८० अंश ओलांडल्याने चिन्ह उलटं दिसेल आणि जिना लांब आहे असा गैरसमज होईल. कनेक्टर दोन्हीकडे सारखे असल्याने वजाबाकीत निघून जातात, महागड्या कॅलिब्रेशनची गरज पडत नाही.

बोर्ड फॅबला (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला) पाठवताना नोटमध्ये एक ओळ हवीच: कोपरे मुद्दाम कापले आहेत, रुंदी आणि कोपरे बदलू नयेत, या पट्ट्यांवर सोल्डर मास्क नको. एकदा फोन आला होता, ‘साहेब, तुमच्या गर्बर फाइलमध्ये (बोर्डाच्या आराखड्यात) कोपरे तुटलेत, भरून देऊ का?’ विचारलं म्हणून बरं. बोर्ड आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली एका कोपऱ्याचा उरलेला कर्ण मोजा. आपल्या आराखड्यात तो ०.६९ मिलिमीटर हवा. एचिंगने तो ०.६४ झाला असेल तर पट्टीची रुंदीही तितकीच घटलेली असणार, म्हणून वळणाचं मॉडेल १.१ ऐवजी १.०५ ने पुन्हा चालवा आणि मगच २० वळणांचा फरक २० ने भागा.